जवानाची सुट्टी



भल्या पहाटेची एस.टी. गावच्या फाट्यावर थांबते. एक जवान खाली उतरतो. खांद्यावर पिशवी, हातात काळी पत्र्याची पेटी, पायांत अजून दोन दिवसांच्या आगगाडीची धूळ. चहाच्या टपरीवरचे लोक त्याला ओळखतात आणि विचारतात, "काय रे, कधी आलास?" त्याने उत्तर देण्याच्या आतच दुसरा प्रश्न येतो, "परत कधी जाणार?" आपल्या मुलखात सुट्टीवर आलेल्या जवानाला हे दोन प्रश्न जोडीनेच ऐकावे लागतात. या दोन प्रश्नांच्या मध्ये जे दिवस असतात, त्यांविषयी आज मला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आपल्या महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी सैन्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसे दिली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात 'सैनिक टाकळी' आहे. अशा गावांत घरटी एक फोटो वर्दीतला असतो. तरीही जवानाला सुट्टी कशी मिळते, केव्हा मिळत नाही आणि ती मोडली तर काय होते, हे घरच्या माणसांना पुष्कळदा नीट ठाऊक नसते. त्यामुळे गैरसमज होतात. मीही एकदा तसाच चुकलो. ती हकीकत पुढे सांगणारच आहे.

प्रथम एक खुलासा करतो. गावात आपण खाकी किंवा हिरवी वर्दी दिसली की 'मिलिटरीत आहे' असे म्हणतो. पण सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल ही दले गृहखात्याकडे आहेत आणि त्यांचे रजेचे नियम वेगळे आहेत. मी बोलणार आहे ते मुख्यतः भूसेनेतील जवानाविषयी.

सेनेत जवानाला वर्षाकाठी दोन प्रकारची सुट्टी असते. पहिली वार्षिक रजा. ती ६० दिवसांची असते आणि त्या काळात पूर्ण पगार चालू राहतो. दुसरी नैमित्तिक रजा, म्हणजे शाळा-कचेऱ्यांतून जिला आपण 'कॅज्युअल' म्हणतो ती. ती ३० दिवसांची असते. अडीअडचणीला, थोड्या दिवसांसाठी ती घ्यायची. या दोन रजा म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घालावेत असा प्रकार नाही. नैमित्तिक रजा वार्षिक रजेला शेपूट म्हणून जोडता येत नाही, आणि त्या वर्षाची त्या वर्षातच संपवावी लागते; राहिली तर बुडाली.

या नैमित्तिक रजेचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. नियमाप्रमाणे ती बहुतांशी ड्यूटीतच धरली जाते. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. नैमित्तिक रजेवर घरी जाताना एका जवानाला रेल्वेचा अपघात झाला आणि कायमचे अपंगत्व आले. त्याचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९९ साली न्यायालयाने त्याचा अपंगत्वाच्या पेन्शनचा हक्क मान्य केला. तेव्हा असा प्रसंग कुणाच्या घरी आलाच, तर 'रजेवर होता, आता काही मिळायचे नाही' असे म्हणून हातपाय गाळून बसू नये. कागद जपावेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे.

२०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यात चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीरांना वर्षाला ३० दिवसांची रजा आहे. आजारपणाची रजा वैद्यकीय सल्ल्यावर अवलंबून असते. म्हणून शेजारच्या हवालदाराला मोठी सुट्टी मिळते आणि आमच्या पोराला का मिळत नाही, असे अग्निवीराच्या आईने मनाला लावून घेऊ नये. पोराने काही गुन्हा केलेला नाही. नियमच निराळा आहे. आता मुलीही जवान म्हणून सेनेत आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने असे ठरवले, की प्रसूती, बालसंगोपन आणि दत्तक मूल यांसाठी महिला अधिकाऱ्यांना जी रजा मिळते, तीच महिला सैनिकांनाही मिळावी. प्रसूतीची रजा १८० दिवसांची, दोन अपत्यांपर्यंत. आणि बालसंगोपनाची साऱ्या नोकरीत मिळून ३६० दिवसांची.

आता घरोघरी होणारी तक्रार घेऊ. "वर्षाला नव्वद दिवस सुट्टी आहे म्हणता, मग आमच्या मुलाला लग्नसराईत का सोडत नाहीत? दिवाळीला का नाही? यात्रेला का नाही?"

शिक्षक मित्रहो, हे तुम्ही वर्गात गणित म्हणून घालावे. एका कंपनीत १०० जवान आहेत असे धरा. प्रत्येकाला वर्षात ९० दिवस रजा द्यायची. म्हणजे एकूण ९००० दिवस झाले. त्याला वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागले की उत्तर येते सुमारे २५. याचा अर्थ असा, की वर्षभर अगदी समान वाटणी केली तरी रोज पंचवीस माणसे घरी असणार. उरलेल्या पंचाहत्तरांतून काही शिक्षणक्रमाला गेलेली, काही दवाखान्यात, काही स्वयंपाकघर सांभाळणारी. रात्रीचा पहारा, गस्त, गाड्या, दारूगोळा हे सारे बाकीच्यांनी बघायचे. आता सगळ्यांनीच मे महिना मागितला तर चौकीवर कोण राहील? आणि सगळ्यांनीच दिवाळी मागितली तर?

म्हणून रजेची पाळी लावावी लागते. साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीलाच कोण केव्हा जाणार याचा तक्ता होतो. एकाची बहीण उजवायची असते, दुसऱ्याच्या घरी बाळंतपण असते, तिसऱ्याचे घर पावसाळ्याआधी शाकारायचे असते. पंजाबातल्या माणसाला वैशाखी हवी, केरळातल्याला ओणम, आपल्या कोकणातल्याला गणपती. यंदा ज्याला दिवाळी मिळाली त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यायची, असे चालते. आपल्या घरी दिवाळीच्या दिवशी पोरगा नसतो, त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा आपल्या पोराच्या पहाऱ्यामुळे घरी असतो, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट. रजा नियमात लिहिलेली आहे खरी, पण ती सेवेच्या गरजेच्या अधीन आहे. म्हणजे गरज पडली तर ती नाकारता येते, पुढे ढकलता येते, आणि दिलेली रजाही मोडून माणसाला परत बोलावता येते. हे कागदावरच राहत नाही. २०२५ च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी सुट्टीवर आलेल्या जवानांना बोलावणी आली, तेव्हा अंगाची हळद उतरली नसतानाही निघालेल्या जवानांच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचल्या. अशा वेळी 'दोन दिवस थांबून जा' असा आग्रह घरच्यांनी करू नये. आपला आग्रह प्रेमाचा असतो, पण तो त्याला गोत्यात आणतो. १९५० च्या सेना अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या पलटणीला सक्रिय सेवेवर जाण्याचा हुकूम झाल्याची खबर रजेवरच्या माणसाला योग्य अधिकाऱ्याकडून मिळाली आणि पुरेशा कारणावाचून तो लगेच हजर झाला नाही, तर तो गुन्हा आहे.

रजा मंजूर झाली की जवानाच्या हाती एक कागद येतो, रजेचा दाखला. त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि सुट्टीतला पत्ता कोणता, हे लिहिलेले असते. हा कागद जीव की प्राण समजावा. रेल्वेत, पोलिसांपुढे, लष्करी दवाखान्यात तोच दाखवायचा असतो. वर्षातून एकदा घरी येण्याजाण्याचा रेल्वेप्रवास सरकारी खर्चाने होतो. त्यासाठी पूर्वी कागदी वॉरंट असे, आता बरेचसे काम संगणकावरून होते. एरवी सवलतीच्या भाड्याची सोय आहे. मोठ्या स्टेशनांवर सैनिकांच्या प्रवासाची व्यवस्था पाहणारी लष्करी कचेरी असते; गाडी चुकली, आरक्षण मिळाले नाही, तर जवानाने प्रथम तेथे जावे.

घरी बसून आपल्याला वाटते, रजा मिळाली की माणूस निघाला आणि आला. पण बर्फातल्या चौकीवरून खाली यायला कित्येकदा दिवसच्या दिवस लागतात. हिवाळ्यात झोजी ला ही खिंड काही काळ बंद असते. मग लडाखातल्या जवानाला विमानाची वाट पाहावी लागते, आणि हवा बिघडली तर विमानही उडत नाही. पुढे जम्मूहून झेलम एक्सप्रेसने पुण्यापर्यंत दोन रात्री. तेव्हा त्याने कळवलेल्या दिवशी तो आला नाही म्हणून जेवणाचे ताट झाकून रडत बसू नये. वाट अवघड आहे एवढेच समजावे.

आता सुट्टी संपत आली आणि घरी खरीच अडचण उभी राहिली तर काय करावे? जवान तापाने फणफणला, घरात मृत्यू झाला, पुराने रस्ता तुटला, असे होते. अशा वेळी गप्प घरी बसणे हाच सर्वांत वाईट मार्ग. मुदत संपण्यापूर्वी पलटणीला फोन करावा, आणि फोनवर न थांबता लेखी कळवावे. पत्रावर नंबर, हुद्दा, नाव, पलटणीचे नाव आणि 'द्वारा ५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' जे असेल ते नीट लिहावे. प्रत आपल्याजवळ ठेवावी. जवान आजारी असेल तर पुणे, खडकी, देवळाली अशा जवळच्या लष्करी दवाखान्यात न्यावे. तेवढा दम नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखल करावे, तसा दाखला घ्यावा आणि पलटणीला कळवावे. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण अधिकारी असतात, त्यांच्याही कानावर घालावे.

कारण कायदा कडक आहे. पुरेशा कारणावाचून रजेपेक्षा जास्त दिवस राहणे हा त्याच कलम ३९ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ३० दिवस विनापरवाना गैरहजर राहिला की चौकशी बसते. 'पुरेसे कारण' हे शब्द कायद्यात आहेत, म्हणजे खऱ्या अडचणीला वाव आहे. पण ते कारण दाखवायचे तर कागद हवा आणि वेळेवर हवा.

आता मी माझी चूक सांगतो.

सन १९८६. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. गावात इंग्रजीत तार लिहिणारा मी एकटा. एके संध्याकाळी शेजारचे आप्पा आले. त्यांचा थोरला मुलगा काश्मीरकडे होता. बांधावरून भाऊबंदांशी वाद पेटलेला. आप्पा म्हणाले, "गुरुजी, येक तार लिवा. आई लई सीरियस हाय, बिगीनं निघ, असं लिवा. त्याबिगार सोडायचं न्हाईत त्याला."

मी म्हटले, "आप्पा, वहिनी तर आता विहिरीवरून आल्या."

"आवं, लिवायला काय जातंय?"

आणि मी लिहिली. लिहायला खरोखरच काही गेले नाही.

चौथ्या दिवशी पहाटे मुलगा आला. अंगणात आई सडा घालत होती. तो दारातच उभा राहिला, मग ओट्यावर बसला आणि बूट काढायचेही त्याला सुचेना. दोन रात्री तो गाडीत डोळ्याला डोळा न लावता आला होता. दुपारी तो शाळेत आला. मला वाटले रागावेल. तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, पत्र असतं तर तुमचं अक्षर वळखून धीर तरी आला असता. तारेला अक्षर नसतंय."

बांधाचा वाद त्या दहा दिवसांत मिटला नाहीच. त्याची नैमित्तिक रजा मात्र गेली. शिवाय पलटणीने रीतीप्रमाणे जिल्ह्याकडून चौकशी केली होती. 'आईची प्रकृती ठीक आहे' असे उत्तर गेले, आणि मुलाला साहेबांसमोर मान खाली घालून उभे राहावे लागले.

पुढच्याच हिवाळ्यात ती माउली खरोखर अंथरुणाला खिळली. आप्पा पुन्हा आले. त्यांचे हात कापत होते. मी पुन्हा तार लिहिली, तेच शब्द, कारण दुसरे शब्द नव्हतेच. या वेळी पलटणीने आधी खात्री करून घ्यायचे ठरवले. त्यांचे काय चुकले? चौकशीचे कागद फिरायला चार दिवस लागले. मुलगा घरी पोचला तेव्हा राख सावडून झाली होती.

तो मला काही बोलला नाही. आप्पाही बोलले नाहीत. पण त्या चार दिवसांचा हिशेब माझ्याकडे आहे. पहिली तार मी लिहिली नसती, तर दुसऱ्या तारेवर विश्वास बसला असता.

तार खाते २०१३ च्या जुलैत बंद झाले. आता हातोहाती मोबाइल आहेत. पण खोटा निरोप काही बंद झाला नाही. तो आता लवकर पोचतो एवढेच. म्हणून गावकरी मंडळींना हात जोडून सांगतो, की जवानाला खोटे कळवू नका. आणि खरे लपवूही नका. 'त्याला उगाच काळजी' म्हणून बापाचे आजारपण लपवणारी घरेही मी पाहिली आहेत. जे असेल ते कळवा. सोबत डॉक्टरांचा दाखला पाठवा. चौकशीला कुणी आले तर सरपंचांनी आणि पोलीस पाटलांनी त्याच दिवशी उत्तर द्यावे. त्या एका दिवसावर कुणाची तरी शेवटची भेट अवलंबून असते.

आणि बांधाच्या वादासाठी खोट्या तारेची गरजच नव्हती, हे मला फार उशिरा कळले. सेना अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये तरतूद आहे. कोर्टातल्या दाव्यासाठी रजा मिळाली आहे किंवा मागितली आहे, असा लष्करी अधिकाऱ्याचा दाखला हजर करून जवानाने अर्ज केला, तर कोर्टाने शक्य तोवर त्या रजेच्या मुदतीतच दाव्याची सुनावणी आणि निकाल उरकण्याची व्यवस्था करायची. रजाच मिळत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २८ व्या आदेशाप्रमाणे जवान आपल्या वतीने दावा लावायला किंवा लढवायला दुसऱ्या कुणालाही अधिकार देऊ शकतो. तो बापाला देता येतो, भावाला देता येतो, पत्नीलाही देता येतो. तालुक्याच्या वकिलाला एवढे दोन आकडे सांगितले तरी पुरे: कलम ३२ आणि आदेश २८.

शेवटी दोन शब्द घरच्यांना आणि दोन शिक्षकांना.

घरच्यांनी सुट्टीचे दिवस कामांच्या यादीने भरून टाकू नयेत. जवान आला की तलाठ्याकडे तो, बँकेत तो, मोटार दुरुस्तीला तो, पाहुण्यांकडेही तोच. रात्री पहाऱ्यावर उभे राहणाऱ्या माणसाला चार रात्री निवांत झोपू द्या. लग्नाची तारीख धरताना आधी त्याची रजा विचारा, मग पंचांग उघडा. आणि जायच्या दिवशी गाडीच्या आधी पुरेसा वेळ ठेवून त्याला घराबाहेर काढा. त्याला उशीर झाला तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

शिक्षकांना एवढेच सांगणे, की तुमच्या वर्गात जवानाचे मूल असेल तर त्याचे वडील सुट्टीवर आल्याचे तुम्हाला कळले पाहिजे. पालकसभा असो, प्रगतिपुस्तक असो, ते काम त्या दिवसांत उरका. वडिलांना शाळेत बोलवा, मुलाला त्यांच्यासमोर पाढे म्हणू द्या. आणि वडील परत निघाले त्या दिवशी ते मूल फाट्यावर एस.टी.ला पोचवायला गेले आणि शाळेत उशिरा आले, तर त्याला वर्गाबाहेर उभे करू नका. आत येऊ द्या, जागेवर बसू द्या. त्या दिवशी त्याला काही विचारू नका.